सोसायटीच्या पूलचं पाणी: आधी टेस्ट, मग फिल्टर, मग पीएच, आणि क्लोरीन सगळ्यात शेवटी

गेल्या मे महिन्यात आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत पोरं पूलमधून बाहेर आली की डोळे लालबुंद, आणि पूलच्या आसपास तो नाकात जाणारा वास. व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच 'क्लोरीन जास्त टाकतायत' म्हणून बोंबाबोंब, पूलवाल्याने घाबरून दोन दिवस क्लोरीनच बंद केलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी हिरवं. नंतर धड टेस्ट केली तेव्हा कळलं की क्लोरीन जास्त नव्हतंच, कामाचं क्लोरीन जवळपास संपलेलं होतं आणि वास मारत होतं ते घाम-लघवीशी बांधलं गेलेलं, वापरून झालेलं क्लोरीन. म्हणजे रोग एक आणि औषध बरोबर उलटं.

कमिटीत पूलचं खातं माझ्या गळ्यात पडलं म्हणून हे शिकावं लागलं, पण आता आजूबाजूच्या सोसायट्यांमधूनही तेच तेच प्रश्न येतात, म्हणून क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर केमिकलचे पैसे पाण्यात, अक्षरशः.

सुरू करायच्या आधी: काय जवळ हवं

टेस्ट किट हवी, आणि ती डीपीडीवाली, म्हणजे ज्यात पाणी गुलाबी होतं ती. पाणी पिवळं करणारी स्वस्त किट सगळीकडे मिळते, पण ती एकूण क्लोरीन दाखवते, त्यातलं कामाचं किती आणि मेलेलं किती हे तिला कळत नाही. आमच्याकडे वर्षभर तीच वापरली जात होती आणि रजिस्टरमध्ये रोज छान छान आकडे होते. फ्री क्लोरीन (कामाचं), टोटल क्लोरीन (कामाचं अधिक मेलेलं), पीएच, अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरणारा गुण), हार्डनेस (पाण्याचा जडपणा) आणि सायन्युरिक ॲसिड (उन्हापासून क्लोरीनला वाचवणारं), एवढ्या सहा गोष्टी मोजता आल्या पाहिजेत.

बाकी वजनकाटा (डब्याने मोजणं बंद), दोन प्लास्टिकच्या बादल्या, लांब दांड्याचा ब्रश, जाळी, आणि केमिकल हाताळणाऱ्या माणसासाठी गॉगल, रबरी हातमोजे, मास्क. गॉगल तिथेच खिळ्याला टांगलेला असला तरच वापरला जातो, ऑफिसच्या कपाटात ठेवला तर कोणी आणायला जात नाही.

सावधान: ॲसिडचा कॅन आणि क्लोरीन एका खोलीत शेजारी शेजारी ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन गॅस होतो, आणि पंपरूम बहुतेक ठिकाणी तळघरात, हवा नाही, खिडकी नाही. तसंच टीसीसीए (क्लोरीनच्या गोळ्या) आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीनची पावडर) ही दोन्ही 'क्लोरीनच' म्हणून एका डब्यात ओतणं किंवा एकाच चमच्याने काढणं, यातून आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. दोन डबे, दोन चमचे, दोन वेगळे कोपरे.

आणखी एक गडबड. आपल्याकडे 'हायपो' या नावाने दोन उलट गोष्टी विकल्या जातात. पूलवाले सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ क्लोरीनला हायपो म्हणतात, आणि माशांच्या टाकीच्या दुकानात मिळणारे हायपोचे खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जे क्लोरीन मारून टाकतं. त्यामुळे दुकानात नुसतं 'हायपो द्या' म्हणू नका, पूर्ण नाव सांगा आणि लेबल वाचा.

टप्पा १: पूलमध्ये पाणी किती, ते एकदाच नीट काढा

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि उत्तराला १००० ने गुणलं की लिटर. आमचा पूल १५ बाय ६, उथळ बाजूला ०.९ मीटर, खोल बाजूला १.५, म्हणजे सरासरी १.२. उत्तर १०८ घनमीटर, १ लाख ८ हजार लिटर. बिल्डरच्या ब्रोशरमधला आकडा घेऊ नका, टेप लावा. बेबी पूलचं पाणी वेगळं फिरत असेल तर त्याचा हिशोब वेगळा.

हा आकडा पंपरूमच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून टाका. खाली एक सोपं सूत्रही लिहा: १ लाख लिटरमध्ये १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) वाढवायला १०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. म्हणजे ६५ टक्केवाली कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर असेल तर साधारण १५५ ग्रॅम, ९० टक्केवालं टीसीसीए असेल तर ११० ग्रॅम, आणि १० टक्क्यांचं पातळ क्लोरीन असेल तर १ लिटर. पातळ क्लोरीन उन्हात आणि गरमीत पडून पडून कमजोर होतं, मे महिन्यात महिनाभर ठेवलेला कॅन १० टक्क्यांचा राहिलेला नसतो, त्यामुळे थोडा थोडाच मागवा आणि सावलीत ठेवा.

टप्पा २: टेस्ट

सॅम्पल वरच्यावर बोटं बुडवून घ्यायचं नाही. बाटली उलटी धरून कोपरापर्यंत हात आत घाला, मग सरळ करून भरा, आणि जिथून फिल्टरचं पाणी आत येतं तिथून लांब. सकाळी पूल उघडायच्या आधी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी पोरांची गर्दी ओसरली की एकदा. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांमध्ये जमेल तितक्या वेळा.

उघड्यावरच्या पूलला आकडे असे हवेत: फ्री क्लोरीन २ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.६ (७.८ च्या वर अजिबात नाही), अल्कलिनिटी ८० ते १२०, हार्डनेस २०० ते ४००, सायन्युरिक ३० ते ५०. टोटलमधून फ्री वजा केलं की मेलेलं क्लोरीन मिळतं, ते ०.४ च्या खाली पाहिजे. अल्कलिनिटी, हार्डनेस आणि सायन्युरिक आठवड्याला एकदा बघितले तरी चालतात, क्लोरीन आणि पीएच मात्र रोज.

चेक: डीपीडीची गोळी टाकल्यावर पाणी क्षणभर गुलाबी होऊन लगेच पांढरं पडलं तर 'क्लोरीन शून्य' लिहू नका. क्लोरीन खूपच जास्त असलं की रंगच उडतो. सॅम्पलमध्ये तेवढंच क्लोरीन नसलेलं पाणी मिसळा, परत टेस्ट करा आणि उत्तर दुप्पट करा. आमच्याकडे अशाच 'शून्य'वर अजून एक किलो पडलं होतं.

टप्पा ३: कचरा, ब्रश, फिल्टर

इथे बहुतेक लोक उडी मारतात आणि थेट क्लोरीन ओततात. पानं, केस, तेलाचा थर, तळाची माती हे सगळं क्लोरीन खातं, त्यामुळे आधी हे काढायचं. जाळी फिरवा, स्किमरची टोपली रिकामी करा, भिंती आणि पायऱ्यांचे कोपरे ब्रशने घासा, शिडीच्या मागची बाजू विशेष करून, कारण शेवाळ तिथूनच सुरू होतं. मग व्हॅक्यूम.

फिल्टर आपल्याकडे बहुतेक वाळूचा असतो. वाळू स्वच्छ असताना प्रेशर गेजचा काटा कुठे असतो तिथे मार्करने खूण करा, आणि काटा त्याच्या अर्धा बार वर गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं. रोज बॅकवॉश करायची गरज नाही, थोडी मळलेली वाळू उलट बारीक कण जास्त पकडते, आणि टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या सोसायटीने रोज शेकडो लिटर गटारात सोडणं मला तरी पटत नाही.

क्रम असा: पंप बंद, फिल्टरच्या व्हॉल्व्हचं हँडल बॅकवॉशवर, पंप चालू, काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं, पंप बंद, हँडल रिन्सवर, पंप चालू अर्धा ते एक मिनिट, पंप बंद, हँडल फिल्टरवर, पंप चालू. रिन्स गाळला की सुटलेली घाण परत पूलमध्ये येते, आणि मग लोक म्हणतात बॅकवॉश करूनही पाणी गढूळ.

सावधान: पंप चालू असताना हँडल फिरवायचं नाही, कधीच नाही. आतली गॅस्केट फाटते, आणि मग पाणी न गाळता तसंच फिरत राहतं, बाहेरून काही कळतही नाही.

वीज वाचवायची म्हणून पंप दिवसाला दोन-तीन तास चालवणाऱ्या कमिट्या मी पाहिल्यात. आधी हे बघा की पूर्ण पाणी एकदा फिल्टरमधून फिरायला किती तास लागतात. पूलचे लिटर भागिले पंपाचे तासाला लिटर, उत्तर ६ तासांच्या आत यायला हवं. पूल सुरू असताना पंप सुरू, आणि केमिकल टाकल्यावरही निदान काही तास सुरू.

टप्पा ४: आधी अल्कलिनिटी, मग पीएच

पीएचच्या मागे का लागायचं? तर पीएच ७.५ च्या आसपास असताना टाकलेल्या क्लोरीनपैकी साधारण अर्धं जंतू मारायच्या कामाला असतं, आणि पीएच ८ झाला की जेमतेम पाव भाग. बाकीचं पाण्यात आहे, टेस्टमध्ये दिसतं, पण सुस्त बसलेलं. पीएच न बघता क्लोरीन वाढवत जाणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं.

आणि पीएच टिकतो तो अल्कलिनिटीच्या जोरावर. ती कमी असेल तर पीएच आज ७.२, उद्या ७.९, कशानेही हलतो. नेरुळला माझ्या मेव्हण्याच्या सोसायटीत मोरबे धरणाचं पाणी येतं, ते मऊ, त्यांची अल्कलिनिटी सारखी खाली. आमच्याकडे अर्धं पालिकेचं आणि अर्धं टँकरचं, टँकर कुठल्या बोअरवर भरून आला देवाला माहीत, त्यामुळे दर आठवड्याला आकडा वेगळा. खाडीजवळच्या बोअरचं पाणी असेल तर खारटपणाही येतो. म्हणून दुसऱ्या पूलचा डोस आपल्याला लागू होत नाही.

अल्कलिनिटी वाढवायला खायचा सोडा, तोच भज्यांमधला, पण पोत्याने. १ लाख लिटरला १० पीपीएम वाढवायला साधारण १.७ किलो. आमची ५० वर होती, ९० करायची होती, म्हणजे ४० ने वाढवायची, त्याला १ लाख ८ हजार लिटरच्या हिशोबाने सव्वासात किलो लागला. अर्धा आज, अर्धा उद्या, मधे टेस्ट. धुण्याचा सोडा वापरू नका, त्याने पीएच एकदम वर उडतो आणि पाणी दुधाळ होऊ शकतं.

अल्कलिनिटी जागेवर आली की पीएच. जास्त असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिड, ३० टक्क्यांच्या आसपासचं. आमच्या पूलला एका वेळी अर्धा लिटर, त्याहून जास्त नाही. बादलीत आधी पाणी घ्या, त्यात ॲसिड हळूहळू ओता (उलटं केलं तर उसळतं), मग पंप चालू ठेवून खोल बाजूला कडेकडेने सोडा. चार-सहा तासांनी टेस्ट, लागलं तर परत अर्धा लिटर. वारा आपल्या तोंडावर येत असेल तर उभं राहायची बाजू बदला. पूलमध्ये माणूस असताना यातलं काहीही करायचं नाही.

चेक: पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. आणि ॲसिड टाकल्यावर लगेच क्लोरीन नाही, मधे निदान काही तास पाणी फिरू द्या.

टप्पा ५: आता क्लोरीन

रोजचा डोस संध्याकाळी, पूल बंद झाल्यावर. सायन्युरिक नसलेल्या पाण्यातलं क्लोरीन भर उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातं, रात्री टाकलं तर निवांत काम करतं.

कॅल्शियम हायपोची पावडर असेल तर बादलीत आधी पाणी, मग पावडर, ढवळून अर्धा तास ठेवा, वरचं निवळ पाणी पूलभर फिरवून ओता, तळाचा चुन्यासारखा गाळ पूलमध्ये नको. आमच्या पूलला २ पीपीएम वाढवायला सुमारे ३३० ग्रॅम. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर इथे आणू नका, तिच्यात क्लोरीन साधारण एक तृतीयांश आणि बाकी चुनाच चुना, फिल्टरची वाळू दगड होईल.

आता गोळ्या, म्हणजे टीसीसीए. माझ्या मते सोसायट्यांच्या पूलचा छुपा शत्रू हाच. वापरायला सोप्या, म्हणून ठेकेदारांना आवडतात, पण प्रत्येक गोळी क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही सोडते. क्लोरीन वापरलं जातं, सायन्युरिक पाण्यातच राहतं. आमच्या पूलला रोज २०० ग्रॅमची एक गोळी म्हणजे महिन्याला साधारण ३० पीपीएम सायन्युरिक. तीन महिन्यांत ९०. थोडं असलं तर ते उन्हापासून क्लोरीनला वाचवतं, पण एवढं झालं की क्लोरीनला धरूनच ठेवतं, टेस्टमध्ये ३ दिसतं आणि भिंतीवर शेवाळ वाढत राहतं. मे महिन्यातल्या आमच्या हिरव्या पाण्याचं खरं कारण हेच निघालं, टेस्टच्या नळीतला काळा ठिपका शंभरच्या खुणेआधीच दिसेनासा झाला, म्हणजे सायन्युरिक शंभरच्याही वर. यावर कुठलंही औषध नाही, पाणी बदलायचं. निम्मं काढलं, ५४ हजार लिटर, म्हणजे १० हजारी टँकर पाच-सहा, तेही मे महिन्यात. कमिटीच्या मीटिंगमध्ये काय झालं ते नको विचारू.

तेव्हा गोळ्या वापरायच्या असतील तर फीडरमध्ये किंवा तरंगत्या डब्यात, आठवड्यातून थोडे दिवस, बाकी दिवस पातळ क्लोरीन किंवा कॅल्शियम हायपो. पण ज्या फीडरमध्ये टीसीसीए होतं त्यात दुसरं क्लोरीन कधीच भरायचं नाही, आणि स्किमरच्या टोपलीत गोळी टाकून पंप बंद करायचा नाही, रात्रभर तिथलं पाणी आंबट होतं आणि सकाळी पंपाच्या पोटात जातं.

टप्पा ६: शॉक डोस, कधी आणि किती

मेलेलं क्लोरीन ०.४ च्या वर गेलं, वास आणि डोळ्यांची आग सुरू झाली, तर क्लोरीन कमी नाही, वाढवायचं, आणि एकाच दमात. मेलेल्याच्या दहापट. समजा टोटल २.०, फ्री १.२, म्हणजे मेलेलं ०.८, तर ८ पीपीएम. आमच्या पूलला १.३ किलोच्या आसपास कॅल्शियम हायपो. घाबरून यातलं अर्धंच टाकलं तर वास आणखी वाढतो, काम अर्धवट राहतं. रात्री टाका, पंप रात्रभर, सकाळी टेस्ट, फ्री क्लोरीन ४ च्या खाली येईपर्यंत गेटला कुलूप. सेक्रेटरींचा नातू आला असला तरी.

धुळवडीच्या दिवशी हे खास लक्षात ठेवा. रंग खेळून थेट पूलमध्ये उड्या मारायची पद्धत काही ठिकाणी आहे, रंग, तेल, माती सगळं पाण्यात. त्या दिवशी पूल बंदच ठेवा. नाहीतर आदल्या रात्री टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत संपलेलं असेल.

बिघडलेल्या वेळा

*पाणी हिरवं:* ब्रश, मग पीएच ७.२ ला, मग १० पीपीएमचा शॉक, पंप अखंड, सकाळी परत ब्रश आणि टेस्ट, क्लोरीन पडलं असेल तर परत. मोरचूद टाकायचा मोह टाळा. शेवाळ मरतं खरं, पण तांबं पाण्यात साठतं, टाइल्सच्या फटी निळ्या-काळ्या होतात आणि पांढऱ्या केसांच्या आजी हिरवे केस घेऊन घरी जातात.

*गढूळ पण हिरवं नाही:* आधी फिल्टर आणि पीएच तपासा. ते ठीक असेल तर तुरटी, १ लाख लिटरला ४ ते ५ किलो, पाण्यात विरघळवून. हँडल रिसर्क्युलेटवर ठेवून एक-दोन तास फिरवा, मग पंप बंद, रात्रभर पाणी हलवू नका. सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने हँडल वेस्टवर (पाणी थेट बाहेर) ठेवून काढा, फिल्टरवर नाही, नाहीतर वाळू चिकटून बसते. तुरटीने अल्कलिनिटी आणि पीएच दोन्ही खाली येतात, नंतर मोजा.

*पावसाळा:* जूनमध्ये धो धो सुरू झालं की पाणी पातळ होतं, अल्कलिनिटी पडते, येऊरच्या जंगलाच्या बाजूची पानं वाऱ्यावर येतात. पूल बंद असला तरी पंप आणि क्लोरीन बंद करायचं नाही, थांबलेल्या पाण्यात डास होतात. आणि जमिनीत बांधलेला पूल पावसाळ्यात पूर्ण रिकामा करू नका, खालच्या पाण्याच्या दाबाने तळ उचलतो, टाइल्स फुटतात.

*लहान मुलाने पूलमध्ये शी केली:* सगळ्यांना बाहेर काढा, लगेच, लाजू नका. घट्ट असेल तर जाळीने काढा (व्हॅक्यूमने नाही), क्लोरीन २ पीपीएम आणि पीएच ७.५ किंवा कमी, असं निदान अर्धा तास ठेवून मग उघडा. जुलाब असेल तर प्रकरण वेगळं, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्ये आठवडाभरही जगतो. पाण्यात सायन्युरिक असेल, १५ पर्यंत, तर २० पीपीएम क्लोरीन सलग २८ तास, आमच्या पूलला शून्यापासून सव्वातीन किलो पावडर, दर काही तासांनी मोजून टिकवायचं. सायन्युरिक १५ च्या वर असेल तर आधी पाणी बदलून ते खाली आणा. नंतर बॅकवॉश, आणि ते पाणी बाहेर.

*केमिकल अंगावर उडालं:* डोळ्यात किंवा अंगावर गेलं तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, मग डॉक्टर. पंपरूममध्ये गॅसचा वास आला तर आत शिरून डबा हलवायला जाऊ नका, सगळ्यांना लांब न्या आणि ११२ किंवा १०१ ला फोन करा.

रजिस्टर

वेळ, फ्री, टोटल, पीएच, काय टाकलं, किती ग्रॅम, सही. एवढेच रकाने. आठवड्यातून एकदा कमिटीतल्या कोणीतरी स्वतः टेस्ट करून त्या दिवसाच्या आकड्याशी जुळवून बघावी. आमच्या जुन्या रजिस्टरमध्ये तीन महिने रोज पीएच ७.४ होता, पूल बंद होता त्या दिवशीसुद्धा.